ताटातला रोग, ताटातलेच औषध

चेहऱ्याला लावायच्या सीरमपासून वार्धक्य लांबवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांपर्यंत आज एक नाव सगळीकडे वाचायला मिळते : नायसिनामाइड. हे ब-३ जीवनसत्त्वाचेच एक रूप. त्याच्या नावावर खपणाऱ्या दाव्यांपैकी फार थोडे काटेकोर चाचणीच्या कसोटीवर घासले गेले आहेत. ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग आधी होऊन गेलेल्या ३८६ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम नायसिनामाइड घेणाऱ्यांमध्ये मेलानोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांच्या नव्या गाठींचे प्रमाण, निष्प्रभ गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत, २३ टक्क्यांनी कमी आढळले. गोळ्या थांबताच हा लाभही ओसरला. पुढे अवयवरोपण झालेल्या १५८ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा मात्र लाभ दिसला नव्हता. चाचणी ही अशीच असते; ती दाव्याला कधी दुजोरा देते, कधी त्याची हवा काढून घेते.

आहारातील एखाद्या घटकाचा त्वचेशी आणि एकूण आरोग्याशी असलेला संबंध माणसांवर पद्धतशीर चाचण्या करून सिद्ध करण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका सरकारी डॉक्टराने केले होते. त्यांचे नाव जोसेफ गोल्डबर्गर. ज्या पदार्थामागे ते पंधरा वर्षे लागले होते, त्याचे रासायनिक नाव त्यांना मरेपर्यंत समजले नाही. तो पदार्थ म्हणजे हेच ब-३ जीवनसत्त्व.

गोल्डबर्गर यांचा जन्म १६ जुलै १८७४ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील एका लहान गावी झाला. आज ते गाव स्लोव्हाकियात आहे. घराणे ज्यू, व्यवसाय मेंढपाळीचा. कळपांवर रोगाची साथ आली आणि कुटुंबाची घडी विस्कटली. १८८३ च्या सुमारास वडिलांनी बायकामुलांसह न्यूयॉर्क गाठले आणि स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत किराणा दुकान थाटले. धाकटा जोसेफ गिऱ्हाइकांच्या घरी माल पोहोचवी आणि उरलेल्या वेळात वाचत बसे. तो अभियंता होण्यासाठी महाविद्यालयात दाखल झाला. पण मित्राबरोबर एकदा वैद्यकाचे व्याख्यान ऐकायला गेला आणि त्याने वाट बदलली. बेलव्ह्यू वैद्यकीय महाविद्यालयातून १८९५ मध्ये ते डॉक्टर झाले. पेन्सिल्व्हेनियातील एका गावात दोन वर्षे खासगी व्यवसाय करून पाहिला. त्यात त्यांचे मन रमले नाही. १८९९ मध्ये त्यांनी केंद्र सरकारच्या सागरी रुग्णालय सेवेत नोकरी धरली. पहिले काम होते न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांची आरोग्यतपासणी करण्याचे. सोळा वर्षांपूर्वी याच शहरात ते स्वतः असेच उतरले होते.

पुढची दहा-बारा वर्षे साथींच्या मागे फिरण्यात गेली. मेक्सिको, प्वेर्तो रिको, मिसिसिपी, लुईझियाना. पीतज्वर, डेंग्यू, टायफस. या तिन्ही रोगांचा अभ्यास करताना ते तिन्ही रोग त्यांना स्वतःलाच झाले आणि तिन्हींतून ते वाचले. १९०९ मध्ये फिलाडेल्फियात खलाशांच्या अंगावर खाजरे पुरळ उठू लागले. कारण कळेना, तेव्हा गोल्डबर्गर यांनी संशयित गवती गाद्यांमध्ये आपला उघडा हात घालून ठेवला. हातावर पुरळ उठले. गवतातील सूक्ष्म कीटक सापडला आणि प्रश्न निकालात निघाला. याच धावपळीत, १९०६ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या एका प्रतिष्ठित वकिलाची कन्या मेरी फरार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दक्षिणेतील जुने, वजनदार ख्रिस्ती घराणे आणि न्यूयॉर्कच्या किराणा दुकानदाराचा ज्यू मुलगा, हे नाते दोन्हीकडे सहज पचणारे नव्हते. मेरी यांनी ते निभावले आणि पुढे एका प्रसंगी त्याहूनही अवघड असे काही केले.

याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत एका रोगाने हाहाकार माजवला होता. मराठी वैद्यक परिभाषेत त्याला वल्कचर्म म्हणतात. जगभर तो पेलाग्रा या नावाने ओळखला जातो. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ खरखरीत त्वचा. उन्हाला उघडे राहणारे हात, पाय, गळा यांवर दोन्ही बाजूंना सारखेच लाल चट्टे उठतात. मग कातडी काळवंडते, खवले धरते, सोलून निघते. गळ्याभोवती उठणाऱ्या पट्ट्याला स्पेनमधील ज्या वैद्याने १७३५ च्या सुमारास हा रोग प्रथम वर्णन केला, त्याच्या नावावरून कासालचा हार म्हणतात. त्वचेपाठोपाठ पोट बिघडते, अतिसार जडतो, मग बुद्धिभ्रम होतो आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू. १९०६-०७ मध्ये अलाबामातील एका मनोरुग्णालयात ८८ जणांना हा रोग झाला आणि त्यांतले ५७ दगावले. तिथून पुढच्या साडेतीन दशकांत अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे एक लाख मेले, असा अंदाज आहे. रोगी बहुतांश गरीब होते : कापूस वेचणारे कुळवाडी, गिरणी कामगार, अनाथ मुले, वेड्यांच्या इस्पितळातील रहिवासी.

तो काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. कॉलरा, क्षय, घटसर्प यांचे जंतू सापडले होते. तेव्हा पेलाग्राचाही जंतू असणारच, असे बहुतेक डॉक्टर धरून चालत. पेलाग्राच्या शोधासाठी नेमलेल्या एका खासगी आयोगानेही दक्षिण कॅरोलिनातील गिरणी वस्त्यांत पाहणी करून रोग बहुधा संसर्गजन्य असल्याचाच कौल दिला. त्याचा एक परिणाम असा झाला की रोग्यांना लोक दारातही उभे करेनात.

१९१४ मध्ये देशाच्या सर्जन जनरलने पेलाग्राची मोहीम गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवली. ते दक्षिणेतील इस्पितळे, तुरुंग आणि अनाथालये पाहत फिरले. दुसऱ्या कोणी प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्मदर्शक काढला असता. त्यांनी स्वयंपाकघरे पाहिली. एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. इस्पितळात रोगी शेकड्यांनी असले, तरी त्यांच्याबरोबर दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिका आणि मदतनीस यांना हा रोग होत नव्हता. संसर्ग असता तर तो गणवेश पाहून थांबला नसता. मग दोघांत फरक काय? ताट. रोग्यांना मक्याचे पीठ, मक्याची लापशी, काकवी आणि डुकराची चरबी मिळे. कर्मचाऱ्यांना त्याखेरीज दूध, अंडी, मांस मिळे. मिसिसिपीतील जॅक्सन गावच्या अनाथालयांतही हेच दिसले. अगदी लहान मुलांना दूध मिळे, बारा वर्षांवरील मुले कामाला जुंपली जात म्हणून त्यांना मांस मिळे. आणि मधल्या, सहा ते बारा वयाच्या मुलांना ना दूध ना मांस. पेलाग्रा नेमका त्याच मुलांत होता.

हे निरीक्षण झाले, पुरावा नव्हे. गोल्डबर्गर यांनी सरकारी पैशाने दोन अनाथालयांत दूध, अंडी, ताजे मांस, शेंगवर्गीय धान्ये पुरवायला सुरुवात केली. बाकी काहीही बदलले नाही; तीच गर्दी, तीच अस्वच्छता. दर वसंतात उलटणारा रोग पुढच्या वसंतात जवळजवळ नाहीसा झाला. जॉर्जियातील मनोरुग्णालयात त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. एका गटाला सुधारलेला आहार दिला आणि तुलनेसाठी दुसरा गट नेहमीच्या आहारावर राहू दिला. पहिल्या गटात रोग परतला नाही. दुसऱ्यातील जवळपास निम्म्या रोग्यांत परतला. आज आहारपूरकांच्या चाचण्यांत तुलनेचा गट असावाच लागतो. १९१५ मध्ये ही शिस्त पाळणारे वैद्यकात थोडेच होते. या प्रयोगाला एक कटू शेपूटही आहे. निधी संपून अनाथालयातले ताट पुन्हा पूर्ववत झाले, तेव्हा तेथील मुलांत पेलाग्रा परत आला.

टीकाकारांचे तरीही समाधान नव्हते. चांगल्या आहाराने रोग बरा होत असेल. पण वाईट आहारानेच तो होतो कशावरून? तेव्हा गोल्डबर्गर यांनी निरोगी माणसांत आहाराने रोग निर्माण करून दाखवायचे ठरवले. मिसिसिपीचे गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांनी त्यांना जॅक्सनजवळच्या रँकिन तुरुंगशेतीवर ही मुभा दिली. प्रयोगाला तयार होणाऱ्या कैद्यांना शिक्षेची पूर्ण माफी, असा सौदा ठरला. बारा जण पुढे आले, त्यातला एक मध्येच वगळावा लागला. सारे गोरे, धडधाकट प्रौढ पुरुष. ही निवड मुद्दाम होती; पेलाग्रा सर्वांत कमी आढळतो तो याच वर्गात, त्यामुळे त्यांना झाला तर योगायोग म्हणायला जागा उरणार नव्हती. त्यांना इतर कैद्यांपासून वेगळ्या, स्वच्छ घरात ठेवले. एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत त्यांच्या ताटात मका, पांढरे पीठ, भात, रताळी, काकवी, साखर घातलेली कॉफी एवढेच होते. पोटभर, पण तेवढेच. दूध नाही, मांस नाही, डाळ नाही.

पहिले काही महिने कैदी खुशीत होते म्हणतात. मग पाठदुखी, चक्कर, अशक्तपणा सुरू झाला. सप्टेंबरपासून त्वचेवर चट्टे उमटू लागले. अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाल्याचे बाहेरच्या त्वचारोगतज्ज्ञांनीही मान्य केले. त्याच तुरुंगशेतीवर नेहमीचे जेवण जेवणाऱ्या बाकीच्या कैद्यांपैकी एकालाही तो झाला नाही. गव्हर्नरांनी शब्द पाळला आणि माफीपत्रे हाती पडताच ती माणसे पांगली.

या प्रयोगाचे कौतुक वाचताना आजच्या वाचकाला अडखळायला होते आणि ते योग्यच आहे. जन्मठेप भोगणाऱ्यासमोर सुटकेचे आमिष धरले, तर त्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणायचे का? आजची कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग क्षणभरही मान्य करणार नाही. त्या काळी मात्र आक्षेप उलट बाजूने आले. गुन्हेगारांना इतक्या स्वस्तात सोडले, यावर काही लोक चिडले. काही डॉक्टरांनी तर सारा प्रयोगच बनाव ठरवला.

गोल्डबर्गर शांत स्वभावाचे, पण या आरोपाने ते खवळले. संसर्गाची कल्पना कायमची गाडायची, तर रोग्यांपासून तो लागत नाही हे स्वतःच्या देहावर सिद्ध करायला हवे, असे त्यांनी ठरवले. एप्रिल १९१६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. जॉर्ज व्हीलर यांनी एकमेकांना पेलाग्राच्या रोग्याचे रक्त टोचून घेतले. रोग्याच्या नाकाघशातील स्राव स्वतःच्या नाकाघशात फासला. रोग्यांच्या त्वचेचे खवले, मूत्र आणि विष्ठा पिठात कालवून गोळ्या केल्या आणि त्या गिळल्या. सहकाऱ्यांत या बैठकांना घाणीच्या मेजवान्या म्हणायची थट्टा रूढ झाली. निरनिराळ्या गावी असे प्रयोग झाले आणि एकूण सोळा जणांनी त्यांत भाग घेतला. त्यांत एकच स्त्री होती, मेरी गोल्डबर्गर. गोळ्या गिळण्याची परवानगी पुरुषांनी त्यांना दिली नाही, पण मृत्युपंथाला लागलेल्या एका रोगी स्त्रीचे रक्त त्यांनी पोटाच्या त्वचेत टोचून घेतले. घरी लहान मुले होती. पतीच्या म्हणण्यावर एवढा विश्वास त्या काळच्या किती वैद्यांनी ठेवला असता, हा प्रश्नच आहे. सोळांपैकी कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

येथवरची कथा डॉक्टरांच्या शौर्याची म्हणून अमेरिकेत आवडीने सांगितली जाते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, कारण तो गैरसोयीचा आहे. लोक असे निकृष्ट खातात तरी का, हा प्रश्न गोल्डबर्गर यांनी सोडला नाही. एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी १९१६ पासून दक्षिण कॅरोलिनातील सात सूतगिरणी वस्त्यांची घरोघर पाहणी केली. (कादंबरीकार पर्ल बक यांचे हे थोरले बंधू.) कोणत्या घरात किती पगार येतो, पंधरवड्यात काय विकत घेतले जाते, गाय आहे का, परसात भाजी आहे का, शौचकूप कसा आहे, सारे नोंदवले. अस्वच्छतेशी पेलाग्राचा संबंध दिसला नाही. उत्पन्नाशी मात्र सरळ दिसला. जसजसे उत्पन्न खाली, तसतसा रोग वर. तितकेच महत्त्वाचे म्हणजे वस्तीत ताजे दूध, मांस, भाजी विकायला येते की नाही हे. गिरणीच्या मालकीच्या दुकानातून उधारीवर पीठ, चरबी आणि काकवी घेणाऱ्या कामगाराला निवड फारशी नव्हतीच. चहूकडे कापूस, घराच्या भिंतीपर्यंत कापूस लावलेला. भाजीला जागा आणि गाईला कुरण ठेवणे कुळाला परवडत नसे आणि जमीनमालकाला मंजूर नसे. गिरणगावाच्या आठवणी ज्या शहराला आहेत, त्या मुंबईच्या वाचकाला उधारीच्या दुकानाचे हे गणित समजावून सांगावे लागू नये.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. गोल्डबर्गर यांनी आकडे पाहून इशारा दिला, की पुढच्या वर्षी पेलाग्रा उसळेल. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेतील उपासमार आणि रोग यांबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली आणि रेड क्रॉसला मदतीस सांगितले. कृतज्ञता दूरच, दक्षिणेतील पुढारी आणि वृत्तपत्रे संतापली. आमच्याकडे उपासमार नाही, ही आमच्या प्रदेशाची बदनामी आहे, असा सूर लागला. जंतू सापडला असता तर तो कोणालाच चालला असता. दारिद्र्य सापडलेले कोणाला नको होते.

सामाजिक व्यवस्था बदलणे डॉक्टरच्या हाती नाही हे ओळखून गोल्डबर्गर स्वस्त पूरक पदार्थाच्या शोधाला लागले. प्रथिनांतील एखाद्या घटकाची उणीव असावी असे त्यांना वाटे. १९२२ मध्ये त्यांनी आणि सहकारी टॅनर यांनी एका रोग्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल देऊन पाहिले, त्वचा सुधारली. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार करते हे १९४० च्या दशकात सिद्ध झाले. गोल्डबर्गर उत्तराला हात लावून आले होते.

पुढे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. माणसाच्या पेलाग्राशी साम्य असलेला काळी जीभ नावाचा रोग कुत्र्यांना होतो. निकृष्ट आहारावरच्या कुत्र्यांची भूक मरे, म्हणून ती वाढवण्यासाठी त्यांनी त्यांना थोडे यीस्ट दिले. कुत्र्यांचा रोगच हटला. पाव फुगवणाऱ्या आणि बिअर आंबवणाऱ्या याच किण्वात, तेही कवडीमोलाच्या किमतीत, पेलाग्रा रोखणारा घटक भरपूर होता. रोग्यांवर तपासले, तिथेही गुण आला. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, लाखो लोक छावण्यांत आले आणि मका-चरबी-काकवीचाच शिधा वाटला जाऊ लागला. गोल्डबर्गर आणि सायडनस्ट्रिकर तेथे गेले. त्यांच्या शिफारशीवरून रेड क्रॉसने हजारो पौंड यीस्ट वाटले. चमचाभर पूड दुधात किंवा पाण्यात कालवून घ्यायची, एवढाच उपचार. अंथरुणाला खिळलेली माणसे काही आठवड्यांत उठून बसली. आहारपूरकाचा इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या चोख पुराव्यानिशी झालेला वापर त्याआधी क्वचितच झाला असेल.

१७ जानेवारी १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गोल्डबर्गर यांचे निधन झाले. वय अवघे ५४. त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा पोटोमॅक नदीत सोडण्यात आली. आयुष्यभर सरकारी पगारावर जगलेल्या या माणसाने मागे फारसे काही ठेवले नव्हते. मेरी यांना निवृत्तिवेतन देण्यासाठी अमेरिकी काँग्रेसला स्वतंत्र कायदा करावा लागला. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले गेले होते. ते मिळाले नाही.

आठ वर्षांनी, १९३७ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी काळ्या जिभेच्या कुत्र्याला निकोटिनिक आम्ल दिले आणि तो बरा झाला. लगेच माणसांवरही त्याचा गुण दिसला. हा पदार्थ काही नवा नव्हता. रसायनशास्त्रज्ञांना तो १८६७ पासून ठाऊक होता. कासिमिर फंक यांनी तर १९१२ च्या सुमारास भाताच्या कोंड्यातून तो वेगळाही केला होता. पण ते बेरीबेरीचे औषध शोधत होते, आणि त्यावर तो निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवला गेला. तंबाखूतील निकोटिनशी लोकांनी गल्लत करू नये म्हणून पुढे त्याचे नायसिन असे बारसे झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पावाच्या पिठात तो मिसळला जाऊ लागला आणि पेलाग्रा तेथून ओसरला.

मक्यात नायसिन असते, पण अशा बद्ध रूपात की शरीराला ते मिळत नाही. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या निवळीत शिजवून मग दळत. त्याने नायसिन मोकळे होते. युरोप आणि अमेरिकेने मका घेतला, ही रीत घेतली नाही.

ही कहाणी दख्खनलाही स्पर्शून जाते. मका फारसा न खाणाऱ्या हैदराबाद परिसरात पेलाग्राचे रोगी का दिसतात, असा प्रश्न राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांना पडला होता. हे रोगी प्रामुख्याने ज्वारीवरच जगणारे शेतमजूर होते. ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाचे जादा प्रमाण नायसिनच्या वापरात अडथळा आणत असावे, अशी मांडणी त्यांनी १९६० मध्ये लॅन्सेटमध्ये केली. तिच्यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. भाकरीबरोबर वरण, ताक, शेंगदाण्याची चटणी किंवा अंडे असेल तर ज्वारीपासून काही धोका नाही. तेथील मजुरांच्या ताटात भाकरीच्या जोडीला फारसे काही नव्हते. रोग्यांत मनोरुग्णालयात दाखल झालेलेही होते. स्वस्त तांदूळ गरिबांच्या घरी पोहोचू लागला, तसे हैदराबादच्या इस्पितळांत येणारे पेलाग्राचे रोगी कमी होत गेले.